मेणबत्त्यांचा हिशेब
(माजी विद्यार्थ्याचे मनोगत)

आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनात ‘कवडीचुंबक’ किंवा ‘संशयकल्लोळ’मधला एखादा प्रवेश नाही, असे वर्ष क्वचितच गेले असेल. शाळा सोडल्यावर नाटकधंद्यात पडद्यामागची, म्हणजे हिशेबाची आणि व्यवस्थेची बाजू सांभाळताना कळले, की या दोन्ही नाटकांचा मूळपुरुष एकच. तो म्हणजे सतराव्या शतकातला फ्रेंच नाटककार मोलिएर. अत्र्यांनी ‘कवडीचुंबक’ त्याच्या ‘लाव्हार’ (म्हणजे ‘कंजूष’) या नाटकावरून घेतले. देवलांचे ‘संशयकल्लोळ’ आधी १८९३ साली ‘फाल्गुनराव’ म्हणून आले. ते आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकावरून, आणि मर्फीचे मोलिएरच्या १६६० सालच्या ‘स्गानारेल’ या एकांकीवरून. मूर्च्छा आलेली मुलगी, तिला सावरणारा परका नवरा, खिडकीतून ते पाहणारी त्याची बायको आणि वाटेत पडलेली तसबीर, ही सगळी जुळणी तिथलीच. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत माझ्या आठवणींपेक्षा या मोलिएरने नाटकमंडळी कशी चालवली ते लिहिणे मला महत्त्वाचे वाटते. नाटक बसवणाऱ्या मुलांना त्याचा उपयोग होईल.

त्याचे खरे नाव झाँ-बातिस्त पोकलँ. जानेवारी १६२२ मध्ये पॅरिसमध्ये बाप्तिस्मा झाला. वडील राजाच्या पदरी गाद्या-पडदे-फर्निचरचे कारागीर होते आणि ते मानाचे पद मुलाकडे यायचे होते. त्याऐवजी ३० जून १६४३ रोजी मादलेन बेजार आणि तिच्या भावंडांसह त्याने करार करून ‘इल्युस्त्र तेआत्र’ ही मंडळी काढली. जागा घेतली ती बंदिस्त टेनिस कोर्टाची. त्या काळी पॅरिसमध्ये अशी कोर्टे भाड्याने मिळत. डोक्यावर छप्पर तयार, पण जागा लांब आणि अरुंद. आत रंगमंच आणि बसायच्या खणांची बांधणी स्वतः करायची. बग्ग्या दारापर्यंत याव्यात म्हणून पुढचा रस्ताही फरसबंद करून घेतला. पहिला प्रयोग १ जानेवारी १६४४ चा, म्हणजे करारानंतर सहा महिने नुसता खर्चच. पुढे शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कोर्टात बिऱ्हाड हलवले आणि सुतारकामाचा खर्च पुन्हा करावा लागला. ऑगस्ट १६४५ मध्ये कर्जापायी मोलिएरला शातलेच्या तुरुंगात टाकले. दावा लावणाऱ्यांत मेणबत्त्यांचा व्यापारी होता, त्याचे १४२ लिव्र (तेव्हाचे फ्रेंच चलन) थकले होते. जामीन राहिला तो रस्ता बांधून देणारा ओब्री.

मेणबत्तीवर एवढी रक्कम थकते कशी? प्रेक्षागार आणि रंगमंच दोन्ही उजळायला चरबीच्या मेणबत्त्यांची झुंबरे लागत. ही मेणबत्ती स्वस्त, पण ती धुरकट जळते. वात वेळच्या वेळी कातरली नाही की काजळी धरते, उजेड मंदावतो आणि चरबी खाली ठिबकते. म्हणून अंक संपला की झुंबरे दोरीने खाली घेऊन वाती कातरायच्या आणि पुन्हा वर चढवायच्या. पाच अंकी नाटकाला अशा चार संधी मिळत. प्रेक्षक दहा असोत की हजार, मेणबत्त्या तेवढ्याच जळतात. आजही प्रयोगाचा जमाखर्च मांडताना भाडे, वीज, वाहतूक असे न टळणारे आकडे आधी लिहावे लागतात. त्या मंडळीचे नेमके तिथे चुकले.

त्यानंतर तेरा वर्षे मंडळी दक्षिणेकडे गावोगाव फिरली. कोंतीच्या राजपुत्राचा आश्रय मिळाला, तो धर्मपरायण झाल्यावर गेलाही. मोलिएरची पहिली मोठी विनोदी नाटके लिऑन आणि बेझिए इथे याच काळात उभी राहिली.

२४ ऑक्टोबर १६५८ ला पॅरिसच्या लुव्हर राजवाड्यात राजा चौदाव्या लुईसमोर त्यांनी कोर्नेय या नाटककाराची शोकांतिका केली आणि शेवटी परवानगी मागून एक छोटा फार्स. राजा हसला तो फार्सला. पती-बूर्बोंची नाट्यशाळा मिळाली, पण इटालियन मंडळीबरोबर वाटून. मंगळवार, शुक्रवार आणि रविवार हे गर्दीचे वार इटालियनांकडे. उरलेल्या वारांसाठी मोलिएरने त्यांना १५०० लिव्र मोजले. नोव्हेंबर १६५९ मध्ये ‘प्रेस्यूझ रिदिक्यूल’ हे त्याचे नाटक चालल्यावर तिकिटांचे दर दुप्पट केले.

हे सगळे कळते ते ला ग्रांज या नटामुळे. १६५९ मध्ये तो मंडळीत आला आणि तेव्हापासूनची नोंदवही त्याने ठेवली: तारीख, नाटक, गल्ला आणि प्रत्येकाच्या वाट्याला काय आले. अशुभ दिवशी तो समासात काळा चौकोन काढी. मंडळीत पगारदार नट थोडे, बहुतेक हिस्सेदार. गल्ल्यातून आधी मेणबत्त्या, दारावरचे पहारेकरी, वाजवणारे आणि जाहिरातीची पत्रके यांचा खर्च वजा. नाटक नवे असेल तर लेखकाचे साधारण दोन हिस्से. उरलेल्याचे समान भाग, तेही प्रयोग संपल्यावर लगेच. १६६१ च्या ईस्टरला मोलिएरने स्वतःसाठी एकाऐवजी दोन हिस्से मागितले आणि मंडळींनी ते दिले. छापील नाटक कुणीही करू शकत असे, त्यामुळे छपाई लांबवण्यात लेखक-मालकाचा फायदा. ‘प्रेस्यूझ’ चोरून छापले जातेय हे कळल्यावर त्याला ते घाईने स्वतः छापावे लागले.

या व्यवस्थेचा कस ऑक्टोबर १६६० मध्ये लागला. लुव्हरच्या वाढीव बांधकामासाठी पती-बूर्बों पूर्वसूचना न देता पाडायला घेतले. राजाने पॅले-रोयालची नाट्यशाळा दिली, पण तिच्या तीन तुळया कुजलेल्या. जानेवारी १६६१ पर्यंत दार बंद. तेवढ्या काळात मंडळी सरदारांच्या वाड्यांवर खासगी प्रयोग करून तगली. स्पर्धक नाट्यशाळांनी नट फोडायचा प्रयत्न केला, पण एकही गेला नाही, हे ला ग्रांजने अभिमानाने लिहून ठेवले आहे. मला त्या वहीतले हे पान सगळ्यांत मोलाचे वाटते.

पॅले-रोयालमध्ये खाली उभे राहून पाहणाऱ्याला १५ सू पडत, तर रंगमंचावरच्याच खुर्चीला ११० सू. वीस सूंचा एक लिव्र. नटांच्या हालचालींना अडथळा होत असूनही त्या खुर्च्या का हलल्या नाहीत, ते या आकड्यांतच आहे. फ्रेंच राष्ट्रीय रंगमंचावरून त्या १७५९ मध्ये हटल्या.

‘तार्त्यूफ’ या धार्मिक ढोंगावरच्या नाटकाचे प्रकरण तर व्यवस्थापकाची झोप उडवणारे. मे १६६४ मध्ये व्हर्सायला पहिला प्रयोग आणि लगेच जाहीर प्रयोगांना मनाई. ऑगस्ट १६६७ मध्ये नाव बदलून केले, तर एका प्रयोगानंतर पुन्हा बंदी. अखेर ५ फेब्रुवारी १६६९ ला मोकळीक मिळाली आणि त्या दिवशीचा गल्ला २८६० लिव्र झाला. मधली पाच वर्षे मंडळीचे पोट भरायचे म्हणून तो दुसरी नाटके लिहीत राहिला. ‘दों झ्युआँ’, ‘मिझाँत्रोप’ आणि ‘लाव्हार’ त्या वर्षांतली.

‘लाव्हार’ सप्टेंबर १६६८ चे. पहिल्या फेरीत नऊच प्रयोग झाले. पाच अंकी नाटक आणि तेही गद्यात, हे लोकांना रुचले नाही. आज मात्र बसवणाऱ्याने ते नीट उघडून पाहावे. पात्रे हातातल्या नटांवर बेतलेली आहेत. लुई बेजार लंगडत असे, म्हणून नाटकातला कंजूष म्हातारा आर्पागों नोकराला ‘लंगड्या कुत्र्या’ म्हणतो. मोलिएरला स्वतःला खोकला होता, म्हणून म्हाताऱ्यालाही खोकला, आणि लग्न जुळवणारी फ्रोझीन त्या खोकल्याचे कौतुक करते. शाळेतही हेच करावे. घोगऱ्या आवाजाच्या मुलाचा आवाज बदलायला लावू नये, त्या आवाजाची भूमिका शोधावी.

या नाटकाची त्या काळची सामानयादी उपलब्ध आहे. मागे बाग दिसणारे एक दालन. मग नोकरांचे दोन डगले, चष्मा, झाडू, दंडुका, पेटी, टेबल, खुर्ची, दौत-लेखणी, कागद, एक झगा, आणि पाचव्या अंकात टेबलावर दोन जळत्या मेणबत्त्या. एवढेच. पडदे बदलणे नाही, त्यामुळे खर्च आणि वेळ दोन्ही वाचतात. शेवटच्या दोन मेणबत्त्यांवर नटांनी परंपरेने खेळ रचला आहे. आर्पागों एक विझवतो, नोकर ती पुन्हा पेटवतो.

१७ फेब्रुवारी १६७३ ला ‘मालाद इमाजिनेर’च्या चौथ्या प्रयोगात मोलिएरला रंगमंचावरच झटका आला आणि त्याच रात्री रिशल्य रस्त्यावरच्या घरी तो गेला. प्रयोग रद्द करा असा आग्रह झाला तेव्हा रोजंदारीवरचे पन्नास कामगार काय खातील, असे त्याने विचारल्याचे ग्रिमारेस्त या चरित्रकाराने १७०५ मध्ये लिहिले. पुढे नाट्यशाळा संगीतकार लुलीच्या ऑपेराकडे गेली, काही नट स्पर्धकांकडे गेले. उरलेल्यांनी गेनेगो रस्त्यावर नवी जागा घेतली आणि १६८० मध्ये सगळ्यांची मिळून ‘कोमेदी-फ्रांसेझ’ झाली. ती आजही चालू आहे.

आता संमेलनात मेणबत्त्यांचा खेळ करायचा असेल तर एक सांगतो. पडदे आणि डगले पेट घेतात, म्हणून खरी ज्योत नको. बॅटरीची मेणबत्ती घ्यावी, बटण तळाला नसून बाजूला असेल अशी, नाहीतर उचलून उलटी करताना गंमत जाते. आणि विझवताक्षणी प्रकाशयोजना करणाऱ्याने रंगमंचावरचा उजेडही एक पायरी उतरवावा. एवढ्यासाठी त्या दोघांची वेगळी तालीम घ्यावी, कमीत कमी दहा वेळा.