लेव्हलमधला संडास

व्हिडिओ गेमची लेव्हल, म्हणजे खेळातला एक टप्पा, हौशी माणसाने बनवलेली असेल तर ती ओळखायची एक सोपी खूण आहे. तिच्यात संडास असतो. खेळ काढणाऱ्या कंपनीच्या लेव्हलमधली प्रत्येक खोली कामाला जुंपलेली असते: इथे दारूगोळा, तिथे दबा धरून बसलेला राक्षस, पलीकडे चावी. हौशी माणूस संडास बांधतो तो केवळ त्याच्या घरात आहे म्हणून. आत काही मिळत नाही, कुणी अंगावरही येत नाही. तरी दार उघडून बघितल्याशिवाय आपल्याला पुढे जाववत नाही.

या हौसेला खरं उधाण आणलं ते ‘डूम’ या राक्षसांना गोळ्या घालायच्या खेळाने. डिसेंबर १९९३ मध्ये आलेल्या या खेळात इंजिन (खेळ चालवणारा प्रोग्राम) वेगळं आणि नकाशे, चित्रं, आवाज ‘वॅड’ नावाच्या वेगळ्या फाइलीत, अशी मांडणी होती. लोकांना आत हात घालता यावा म्हणून ती मुद्दामच तशी केलेली. पुढच्याच वर्षी लोकांनी एडिटरही, म्हणजे नकाशे बनवायचे प्रोग्रामही, स्वतःच बनवले. आणि एडिटर हाती आल्यावर कित्येकांनी पहिलं काय बांधलं? आपलं घर. नाहीतर शाळा, नाहीतर ऑफिस. (साहेबांच्या केबिनमध्ये कोणता राक्षस ठेवायचा, यावर फार खल झाला नसावा.)

पण दुमजली घर असलेल्यांची पंचाईत व्हायची. डूमचा नकाशा मुळात सपाट. जमिनीच्या एका तुकड्याला एकच फरशी आणि एकच छत, त्यामुळे खोलीवर खोली चढवताच येत नाही. मग वरचा मजला सरकवायचा बाजूला. जिना चढून तुम्ही बेडरूममध्ये येता, ती असते हॉलच्या शेजारी, नुसती उंच उचललेली. खेळताना काहीतरी बिनसलंय एवढं जाणवतं आणि मग लक्षात येतं की कुणीतरी रात्री जागून, आईचं स्वयंपाकघर किती हात सरकवलं तर जिना बसेल, याचा हिशेब केलाय. दिवाळीच्या किल्ल्यावर बुरुजापेक्षा मावळा मोठा असतो, म्हणून कुणी किल्ल्याला नावं ठेवत नाही. इथेही तसंच. मला तर नीटनेटक्या लेव्हलपेक्षा हे सरकवलेले मजलेच जास्त आठवतात.

२०२३ मध्ये ‘मायहाऊस.वॅड’ नावाची डूमची एक हौशी लेव्हल आली. नाव वाचून जुन्या खेळाडूंना वाटावं, आलं आणखी एकाचं घर! दिसायलाही तसंच, साधं दुमजली. पण वर-खाली करता करता घर हळूच बदलायला लागतं आणि एका क्षणी वरची खोली चक्क खालच्या खोलीच्या डोक्यावर असते. राक्षसांना सरावलेला माणूस तिथे टरकतो, कारण डूममध्ये हे होऊच शकत नाही. करामत अशी की नव्या इंजिनाच्या मदतीने खेळाडूला नकळत हुबेहूब तशाच दुसऱ्या घरात नेऊन सोडलेलं असतं. तीस वर्षांची अडचण ज्यांना पाठ आहे, त्यांच्यासाठीच केलेली ही थट्टा. बाकीच्यांना त्यात नुसतं एक घर दिसेल.

आपल्याकडे ही हौस उतू गेली ती ‘क्रिकेट ०७’मध्ये. नोव्हेंबर २००६ चा हा खेळ अॅशेसच्या मुहूर्तावर काढलेला. त्यामुळे इंग्लंड-ऑस्ट्रेलियाची नावं खरी आणि आपल्या खेळाडूंच्या नावांची मोडतोड. त्यानंतर तो काढणाऱ्या कंपनीने क्रिकेटला रामराम ठोकला. आयपीएल सुरू झाली २००८ मध्ये, म्हणजे खेळात ती असायचं कारणच नव्हतं. ती पोरांनी घातली. जर्सी, बॅटी, स्टेडियम, संघ, सगळं. लिलाव झाला की नवा पॅच, म्हणजे मूळ खेळावर चढवायच्या बदललेल्या फाइली!

जर्सी म्हणजे आत एक चित्र असतं, कापून सपाट पसरलेल्या शर्टाचं. छाती, पाठ, बाह्या सुट्या सुट्या. त्यावर प्रायोजकाचा लोगो डकवायचा. जरा इकडचा तिकडे झाला की लोगो थेट काखेत. कॉमेंट्री बदलणं मात्र मोठं जिकिरीचं, म्हणून बहुतेक पॅचमध्ये तीच राहिली. वानखेडेवर मुंबई-चेन्नई रंगलेली आणि वर्णन करायला रिची बेनॉ आणि मार्क निकोलस. बेनॉ २०१५ मध्ये गेले, पण पॅचमध्ये त्यानंतरच्या सीझनलाही तेच बोलत राहिले.

सगळंच हौशी काम गोड असतं असं मात्र नाही. समोरच्याचा नुसता छळ करायला बनवलेल्या लेव्हल मी अर्ध्यावर सोडतो. म्हणूनच २०१५ च्या ‘सुपर मारिओ मेकर’ या लेव्हल बनवायच्याच खेळातला नियम मला फार पटतो: स्वतःची लेव्हल आधी स्वतः पार करून दाखवा, मगच ती लोकांपुढे ठेवता येईल. एप्रिल २०२४ मध्ये त्याचे सर्व्हर बंद होणार असं ठरल्यावर, कुणीच पार न केलेल्या उरल्यासुरल्या लेव्हल संपवायला लोक कंबर कसून बसले. त्यातली ‘ट्रिमिंग द हर्ब्स’ काही केल्या सुटेना. शेवटी ती बनवणाऱ्यानेच सांगून टाकलं की मी ती हाताने खेळलोच नव्हतो, यंत्राकडून बटणं दाबून घेतली होती. म्हणजे ती यादीतून बाद. तरी कामाला लागलेले लोक काही उठले नाहीत आणि सर्व्हर बंद व्हायच्या तोंडावर एका पठ्ठ्याने ती हातानेच पार केली.