ज्येष्ठमध किती आहे, एवढंच विचारलं होतं

बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर वांगाचे डाग आले. त्वचारोगतज्ज्ञांनी ॲझेलेइक ॲसिडचं क्रीम आणि सनस्क्रीन लिहून दिलं, तिथे काहीच अडलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "जोडीला ज्येष्ठमधाचं काहीतरी लाव गं." डॉक्टरही म्हणाल्या, लावा, पण अर्काचं प्रमाण बघून घ्या.

आता बघणार कुठे? खोक्यावर ज्येष्ठमधाची सोनेरी मुळी ही एवढी! मागे मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत घटक : पाणी, ग्लिसरीन, मेण, आणि सुगंधाच्याही खाली 'लिकोरिस एक्स्ट्रॅक्ट', म्हणजे आपला ज्येष्ठमधाचा अर्क. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने छापावे लागतात, त्याखालचे कसेही. म्हणजे शेवटचा घटक किती, ते देव जाणे.

कस्टमर केअरला फोन लावला. "मॅडम, प्रॉडक्ट शंभर टक्के हर्बल आहे." म्हटलं, ते कळलं, ग्लॅब्रिडिन किती? त्वचेचा रंग बनवणाऱ्या टायरोसिनेज एन्झाइमला अडवतं ते हे. मुळीत असतं थोडंसं, त्यातून पाण्यात नीट विरघळत नाही; नुसत्या पाण्यातल्या अर्कात ते कितीसं उतरणार? "होल्ड करा हं." मग बासरी. मग "टेक्निकल टीम मेल करेल." मेल आला, त्यात फेसवॉशवर सवलत. पुन्हा फोन, पुन्हा नवा तक्रार क्रमांक, पुन्हा बासरी. शेवटी उत्तर : प्रमाण गोपनीय आहे. अहो, भाजीवालीसुद्धा मेथीची जुडी सोडून दाखवते!

मी ट्यूब तिथेच सोडली आणि अर्काची टक्केवारी छापलेलं दुसरं सीरम आणलं. डाग फिके करायला तुती, आर्ब्युटिन असलं काही घेतलंत तरी हाच प्रश्न विचारा. आधी कानामागे लावून दोन-तीन दिवस थांबा. लिंबू चोळू नका, त्यावर ऊन लागलं तर डाग वाढतात.

काही महिन्यांनी डाग फिके झाले. श्रेय बहुतेक डॉक्टरांच्या क्रीमचं. गंमत म्हणजे ॲझेलेइक ॲसिड गहू-जवातही असतं, पण त्या ट्यूबवर कणसाचं चित्र नाही.

केमिस्ट "सगळ्या बायका हेच नेतात" म्हणून हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइडचं एकत्र क्रीम पुढे करतो. चिठ्ठीशिवाय घेऊ नका, स्टेरॉइडने त्वचा पातळ होते. आणि हो, सनस्क्रीन आयर्न ऑक्साइडवालं, रंगाची छटा असलेलं घ्या. वांग नुसत्या उजेडानेही गडद होतो, पांढरं सनस्क्रीन तो उजेड फारसा अडवत नाही.