कारणाच्या रकान्यात काय लिहू?

आमच्या तक्त्याप्रमाणे तो बर्बट मासा निरोगी होता. लांबीच्या मानाने वजन ठीक, अंगावर जखम नाही. स्लेव्ह नदीच्या मुखाशी जन्मभर मासेमारी केलेल्या, डेने या इथल्या आदिवासी समाजातल्या आजोबांनी पोट चिरलं, कलेजी बोटांनी दाबली आणि म्हणाले, "ही बरी नाही."

कॅनडाच्या वायव्य प्रदेशात, ग्रेट स्लेव्ह सरोवराकाठी, गावकऱ्यांबरोबर मासे तपासण्याचं माझं काम. जानेवारीत उणे पस्तीसला पेनाची शाई गोठते, म्हणून नोंदी पेन्सिलीने. वजनकाट्याची बॅटरी जाकिटात, छातीशी. मासा बर्फावर पडताच कडक होऊ लागतो. त्याआधी मापं, पाऱ्याच्या चाचणीसाठी मांसाचा तुकडा आणि डोक्यातला ओटोलिथ काढायचा. कानातल्या या इवल्या खड्याची वलयं मोजून वय कळतं. गावातली पोरं तो एका चिरेत काढतात. शहरातून आलेले तज्ज्ञ अख्खं डोकं फोडून ठेवतात.

बर्बटची चरबी कलेजीत साठते. "पूर्वी तव्यावर टाकली की आपल्याच तेलात तळली जायची," आजोबा म्हणाले. ही कोरडी, काळपट होती. सहकाऱ्याचं म्हणणं, अंडी घातल्यावर कलेजी आटतेच. पण या मादीच्या पोटात गाभोळी गच्च भरलेली होती. आजोबांनी ती मला मुद्दाम दाखवली. तरी सहकाऱ्याने नोंदीपुढे 'ऐकीव' लिहिलं. मला राग आला, अजून आहे. एका माशावरून निष्कर्ष निघत नाही, मान्य. पण गावातल्या चुलीचुलीवर हेच ऐकू येतंय, त्याला पुरावा म्हणायचं नाही तर कशाला?

फॉर्मात 'संभाव्य कारण' असा एकच रकाना. आजोबांना विचारलं. ते म्हणाले, "वर, आपल्याकडे पाणी आणणाऱ्या पीस नदीवर १९६८पासून धरण चालतंय. तशाच अथाबास्का नदीच्या काठी तेल मिसळलेली वाळू उपसतात. २०२३ला जंगलं जळली, सरोवर कधी नव्हे इतकं खाली गेलं. यातलं एक तूच निवड."

प्रत्येक प्रकल्पाचा अहवाल आपल्यापुरता 'परिणाम नगण्य' म्हणतो. म्हणूनच तर, आमचा भाग ज्यात येतो त्या मॅकेन्झी खोऱ्याच्या १९९८च्या कायद्यात एकत्रित परिणामांवर देखरेख ठेवण्याची तरतूद आहे. आणि त्याच कामाच्या फॉर्मात जागा एका कारणापुरती!

मी समासात सगळी कारणं लिहिली. 'मुख्य कारण निवडा' असा शेरा मारून फॉर्म परत आला. ठरलेल्या नमुन्यांत कलेजी नाही, तरी ती मी वेगळ्या पिशवीत गोठवून ठेवली आहे. तिच्या चाचणीसाठी पैसे मागितलेत. त्या अर्जातही कारण विचारलं होतं. तिथेही सगळी लिहिली.