प्रेल्यूड एकदाच कंपाईल: टेस्ट ४१ सेकंदांवरून ११ वर

या महिन्यात माझ्या मराठी कीवर्डच्या प्रोग्रामिंग भाषेत एकही नवी सोय आली नाही. सगळा वेळ टेस्टवर गेला, आणि तो सार्थकी लागला.

टेस्ट ३८६. प्रत्येकीसाठी इंटरप्रिटर, म्हणजे माझ्या भाषेतला कोड चालवणारा प्रोग्राम, नव्याने सुरू होतो. तो पायथनमध्ये लिहिलाय. सुरू झाला की आधी प्रेल्यूड, म्हणजे याद्या-मजकूर-आकडेमोडीची सातशे ओळींची फाईल, पार्स करून (वाचून, रचना ओळखून) तिचा बाईटकोड, म्हणजे इंटरप्रिटरला थेट चालवता येणाऱ्या सूचना, बनवायचा. मोजलं तर दर वेळी ८० मिलिसेकंद. म्हणजे ४१ पैकी ३१ सेकंद एकाच फाईलवर, जी बदललेलीही नसायची! तयार बाईटकोड पायथनच्या मार्शल मॉड्यूलने डिस्कवर ठेवला, हीच माझी कॅश. एका संध्याकाळचं काम, आणि सगळ्या टेस्ट ११ सेकंदांत.

पुढचे तीन आठवडे मात्र ती कॅश शिळी कधी झाली हे ओळखण्यात गेले. पायथन आपल्या पीवायसी (.pyc, साठवलेल्या बाईटकोडच्या) फाईलमध्ये मूळ फाईल बदलल्याची वेळ (सेकंदात) आणि आकार नोंदवतो, मीही तेच केलं. एका टेस्टने प्रेल्यूडमधल्या + चिन्हाचं - केलं. आकार तोच, सेकंदही तोच, आणि जुन्याच बाईटकोडवर टेस्ट पास! पायथन ३.७ पासून हॅश (मजकुरावरून काढलेला, जणू त्याचा ठसा असलेला आकडा) तपासणाऱ्या पीवायसीचाही पर्याय आहे, त्या वाटेने गेलो. हॅशमध्ये कंपायलरच्या फाईलीही घेतल्या, नाहीतर ऑपकोड (बाईटकोडमधल्या सूचनेचा क्रमांक) बदलला तरी जुनं तसंच चालत राहतं.

मग जुलैचा पाऊस. कोल्हापुरात, राजारामपुरीत लाईट गेली ती नेमकी कॅश लिहिताना. परत आली तेव्हा वरचा हॅश बरोबर, खाली बाईटकोड अर्धा. आता तात्पुरत्या फाईलीत लिहितो, एफसिंक करतो (म्हणजे ते खरंच डिस्कवर पोचवतो), मगच नाव बदलतो. वाचताना काही बिघडलं तर कॅश टाकून सरळ पुन्हा कंपाईल.

रविवारी रंकाळ्यावर मित्राला हे सांगत होतो. तो म्हणाला, "भावा, मग प्रेल्यूड कंपाईल होतंय का हे आता कोण तपासतंय?" खरंच, कुणीच नाही. म्हणून एक टेस्ट वाढवली: कॅशशिवाय कंपाईल करायचं आणि कॅशमधल्या बाईटशी ताडून पाहायचं. ती पहिल्याच फटक्यात फेल! कारण सापडायला दोन रात्री लागल्या. स्थिरांकांची (कोडमधल्या ठरलेल्या आकड्या-मजकुरांची) यादी मी सेटमधून, म्हणजे क्रम न पाळणाऱ्या संचातून, काढत होतो, आणि पायथन ३.३ पासून स्ट्रिंगचे हॅश दर प्रोसेसला वेगळे, त्यामुळे क्रमही वेगळा. सेटच्या जागी डिक्शनरी घातली, तिच्यात घातलेला क्रम टिकतो. काल रात्री वीस वेळा चालवली, वीसही वेळा बाईट न् बाईट सारखा.