कन्नड नावं गेली कुठं?

तालुक्यातल्या एका सोसायटीच्या सभासद याद्या एकत्र करायचं काम होतं. गावाचं फोल्डर, त्यात वर्षाचं, त्यात 'जुने', त्यात 'जुने फायनल', आणि सगळ्यात आत नोटपॅडच्या फाईली. पायथनचं ओएस डॉट वॉक हे सगळं खालपर्यंत फिरून येतं, त्यात काही विशेष नाही. स्क्रिप्ट आधीच्या पोराची, तो आता पुण्यात.

सेक्रेटरींचा फोन आला. "अहो, एका गावची कन्नड नावं सगळी गायब आहेत की! मराठीच्या जागी निदान काहीतरी खुणा उमटल्यात. आणि डॉट मॅट्रिक्स नुसती कोरी पानं बाहेर टाकायलाय. मुद्दाम गाळली म्हणतील हो लोक." बेळगावात राहणाऱ्याला याचा अर्थ समजवायला नको, इथं पाटीवरच्या अक्षरावरून मोर्चे निघतात.

स्क्रिप्ट उघडली तर फाईल वाचायच्या ओळीत एन्कोडिंग, म्हणजे बाइटवरून अक्षरं ओळखायची पद्धत, यूटीएफ-८ आणि पुढं एरर्स इग्नोर, म्हणजे न कळलेले बाइट गुपचूप सोडून द्यायचे. त्या पोराला स्क्रीनवर लाल ओळ दिसलेली चालायची नाही, मग बाइट गिळले तरी चालतील! फाईल मात्र कुणीतरी नोटपॅडमधून 'युनिकोड' निवडून सेव्ह केलेली, म्हणजे यूटीएफ-१६, जिथं प्रत्येक अक्षराला आणि मात्रेला दोन-दोन बाइट. हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पद्धतीत, आकडे लिहिले तर त्यात देवनागरीच्या प्रत्येक अक्षराचा दुसरा बाइट ०९, आणि ०९ म्हणजे टॅब. पहिला बाइट ८० च्या खालचा, म्हणून तो साधं इंग्रजी चिन्ह होऊन बसतो. 'मोरे'चं झालं टिंब, के, शून्य, जी, मध्येमध्ये टॅब. एररच नाही! कन्नडचा पहिला बाइट ८० पासून पुढचा, तो यूटीएफ-८ मध्ये बसत नाही म्हणून इग्नोरनं उडवला, आणि मागं राहिला ०सी, म्हणजे फॉर्म फीड, म्हणजे प्रिंटरला 'पुढचं पान' असा हुकूम. ಪಾಟೀಲ लिहिलेल्या सभासदाच्या आडनावाला पाच पानं.

मी इग्नोर काढलं. आता फाईल आधी बायनरी उघडतो, सुरुवातीला एफएफ एफई ही खूण दिसली तर यूटीएफ-१६, नाहीतर कडक यूटीएफ-८, आणि तिथं अडली की फाईलचा पूर्ण पाथ वेगळ्या यादीत. श्रीलिपी आणि नुडी या जुन्या फाँटांच्या, युनिकोड नसलेल्या फाईली त्या यादीत पडल्यात, त्यांचं हातानंच बघावं लागणार. वॉकलाही ऑनएरर दिलं, कारण न उघडणारं फोल्डर ते न बोलता सोडून पुढं जातं, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं.

सेक्रेटरींना हे सगळं कागदावर आकडे मांडून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान पण हलवली, आणि मग विचारलं, "ते सगळं खरं हो, पण कन्नडचेच बाइट मोठे कुणी ठेवले?"