लाइन कोच चांगला की वाईट, हे कसं कळतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एरवी जेवताना मी हा विषय काढला की आमच्या घरातले ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जातात.

अमेरिकेत साउथ बेंडला राहून सोळा वर्षं झाली. इथे राहायचं तर नोत्र दाम ह्या इथल्या विद्यापीठाचं कॉलेज फुटबॉल (अमेरिकन, बॉल हातात घेऊन पळायचं ते) टाळता येत नाही, मग आपसूक चटक लागते. ऑक्टोबर उजाडला, टीम एखादी मॅच हरली की मंडळातल्या कुणा ना कुणाचा फोन येतोच: "काका, तुम्ही एवढी वर्षं बघताय. ह्या ऑफेन्सिव्ह लाइनच्या कोचला हाकलायला नको का?"

माझं उत्तर ठरलेलं असतं: आत्ता कळणार नाही, दोन-तीन वर्षांनी विचारा. समोरचा वैतागतो. ते साहजिक आहे, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

क्वार्टरबॅक म्हणजे बॉल फेकून हल्ला चालवणारा. त्याच्या पुढे पाच धिप्पाड पोरं उभी असतात, तीच ऑफेन्सिव्ह लाइन. मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल. सेंटर सोडला तर बाकीच्या चौघांचा बॉलशी संबंध नाही. काम एकच, समोरच्याला अडवायचं. त्यांच्या नावावर ना यार्ड (बॉल पुढे नेल्याचं अंतर) लागतात ना टचडाउनचे गुण. मग लोक टीमचे आकडे काढतात आणि तिथेच फसतात. कॉलेजच्या फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकचा सॅक झाला, म्हणजे बॉल फेकण्याआधीच त्याला मागे पाडलं, की गमावलेले यार्ड धावण्याच्या खात्यातून वजा होतात. एनएफएल ह्या व्यावसायिक लीगमध्ये ते पासिंगच्या खात्यातून जातात. म्हणजे रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) 150 यार्ड पळाला आणि चार सॅकमध्ये 30 यार्ड गेले, तर कागदावर टीम 120 यार्डच धावली. त्यातले दोन सॅक क्वार्टरबॅक बॉल धरून विचार करत बसला म्हणून झालेले असू शकतात. पावती मात्र लाइन कोचच्या नावावर फाटते.

मी मूळचा कोल्हापूरचा. लहानपणी काकांबरोबर तालमीत जायचो. तिथले वस्ताद कुस्ती चालू असताना पैलवानाच्या पायांकडे बघत बसायचे. पवित्रा चुकला की म्हणायचे, "गेला," आणि तो खरंच जायचा. लाइन बघताना मी तेच करतो. पहिल्यांदा सगळ्यांसारखा बॉल बघतो, मग रिप्लेमध्ये एकाच गार्डचे पाय. स्नॅपनंतरचं, म्हणजे सेंटरने बॉल मागे दिल्यावरचं, पहिलं पाऊल योग्य दिशेला पडलं का? समोरचे दोघे जागा अदलाबदल करून घुसले, ज्याला स्टंट म्हणतात, तेव्हा गार्डने आपला माणूस टॅकलकडे सोपवला, की दोघे एकाच्याच मागे लागले? हे सोपवणं रोजच्या सरावातून येतं, ताकदीतून नाही. म्हणून एखाद्या कोचबद्दल मला सर्वांत जास्त ह्यातून कळतं. त्याखालोखाल, मुख्य खेळाडू जखमी झाल्यावर आत आलेला पोरगा कसा उभा राहतो ह्यातून. आणि सप्टेंबरमध्ये धडपडणारा तोच पोरगा नोव्हेंबरात कसा खेळतो, हेही बघायचं. फॉल्स स्टार्टचे, म्हणजे स्नॅपआधीच हलल्याचे, दंड मी फारसे मोजत नाही. परक्या मैदानावरच्या गोंगाटात भलेभले हलतात.

आता वेळ का लागतो ते सांगतो. लाइनचा खेळाडू कॉलेजला येतो तेव्हा अठरा वर्षांचा असतो, आणि तेविशीच्या समोरच्या गड्यापुढे उभं राहण्याइतकं अंग भरायला दोन-तीन वर्षं जातात. त्यामुळे नवा कोच सुरुवातीला आधीच्या कोचने निवडलेल्या पोरांवर जगतो. पेरलं एकाने, कापलं दुसऱ्याने.

आमच्याकडचंच बघा. हॅरी हीस्टँड 2012 ते 2017 लाइन कोच होते. त्यांच्या हाताखालून झॅक मार्टिन आणि रॉनी स्टॅनली ड्राफ्टच्या (एनएफएलच्या टीम कॉलेजची पोरं निवडतात त्याच्या) पहिल्या फेरीत गेले. 2018 च्या ड्राफ्टमध्ये तर क्वेंटन नेल्सन सहावा आणि माइक मॅग्लिंची नववा! हीस्टँड शिकागो बेअर्स ह्या एनएफएलच्या टीमकडे गेले आणि जेफ क्विन आले. 2020 ची लाइन भक्कम होती, लोक क्विनवर खूश. पण त्यातून पुढच्या वर्षी ड्राफ्ट झालेले तिघे, आयकेनबर्ग, बँक्स आणि हेन्सी, हीस्टँडच्या काळात आलेले.

हे तिघे गेले आणि 2021 मध्ये लाइन कोसळली. पहिल्याच मॅचमध्ये लेफ्ट टॅकल ब्लेक फिशर जखमी झाला. पहिल्या निम्म्या सीझनमध्ये त्या जागेवर चार जण खेळून झाले. मीही तेव्हा सोफ्यावरून ओरडत होतो, "काढा ह्याला." सीझननंतर हेड कोच बदलला, क्विन गेले, हीस्टँड परत आले. 2022 ला लाइन सावरली आणि सगळे म्हणाले, बघा, कोच बदलल्याचा परिणाम!

असेलही. पण त्या चौघांतला शेवटचा होता जो ऑल्ट, शाळेत टाइट एंड (अडवणारा आणि पासही झेलणारा) म्हणूनही खेळलेला, पहिल्याच वर्षाचा पोरगा. तो आणि फिशर, दोघेही क्विनच्या काळात आलेले. 2024 च्या ड्राफ्टमध्ये ऑल्ट पाचवा गेला, फिशर दुसऱ्या फेरीत. तोपर्यंत हीस्टँडही निवृत्त झाले होते आणि तिसराच कोच होता. आता ह्या दोघांचं श्रेय कुणाच्या नावावर टाकणार?

माझं मत विचाराल तर पोरं हेरणं आणि पोरं घडवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि एकच पगार घेणाऱ्या माणसाला दोन्ही सारखी येतीलच असं नाही. क्विनना पहिलं चांगलं जमत होतं. दुसऱ्यात, विशेषतः सेंटर आणि दोन गार्ड ह्या आतल्या तिघांच्या बाबतीत, हीस्टँड उजवे होते. 2021 ला मी जे ओरडलो ते निम्मंच बरोबर होतं.

एक गोष्ट राहिली. 2015 पासून कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम ऑफेन्सिव्ह लाइनला एक पुरस्कार देतात. एका खेळाडूला नाही, अख्ख्या लाइनला. 2017 ला तो हीस्टँडच्या लाइनने नोत्र दामकडे आणला. पुरस्काराला नाव आहे जो मूर ह्यांचं. हे मूर 1988 ते 1996 इथेच लाइन कोच होते. नवा हेड कोच आला आणि त्यांना काढून टाकलं, वय साठीच्या पुढे होतं. वयामुळे काढलं म्हणून ते कोर्टात गेले आणि 1998 मध्ये ज्युरीने निकाल त्यांच्या बाजूने दिला. 2003 मध्ये ते वारले. पुरस्कार सुरू झाला त्यानंतर बारा वर्षांनी.

मागच्या आठवड्यात फोन केलेल्या पोराला मी हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, "ते ठीक आहे काका, पण ह्या शनिवारी काय?"