लॉस बार्कोस, सेक्टर नऊ

'एल्डोराडो' या मालिकेला ब्रिटनमध्ये लोक अजून हसतात. बीबीसीच्या फसलेल्या उद्योगांची आठवण निघाली की हिचं नाव निघतंच. ६ जुलै १९९२ ला सुरू झाली आणि ९ जुलै १९९३ ला बंद पडली. आठवड्यातून तीनदा, संध्याकाळी सातला. एकूण १५६ भाग. स्पेनच्या किनाऱ्यावर लॉस बार्कोस नावाचं एक काल्पनिक गाव, तिथे ऊन खायला येऊन राहिलेले इंग्रज आणि त्यांच्या शेजारी थोडे जर्मन, फ्रेंच, डॅनिश, स्वीडिश. कुणी रिटायर झालेलं, कुणी जुन्या भानगडी मागे टाकून आलेलं.

मी ती नेरूळला बसून बघते. रात्री ओटा आवरून झाला की मोबाईलवर, कुणीतरी त्या काळी टीव्हीवरून टेप केलेले भाग. चित्र मधूनमधून थरथरतं, कडेला एक पांढरी रेघ नाचत असते. नवरा पाण्याची बाटली भरायला येतो आणि विचारतो, "अजून त्या पांढऱ्या घरांतच आहेस का?" आहे बाबा.

तिथवर पोचले ते लेस्ली उडविन या बाईंमुळे. दिल्लीच्या निर्भया प्रकरणावर २०१५ मध्ये माहितीपट काढून आपल्याकडे गदारोळ उडवला, बंदी ओढवून घेतली, त्याच या. त्या आधी नटी होत्या असं कळलं आणि शोधता शोधता सापडल्या त्या या गावात, जॉय नावाने बार चालवताना. पाच मिनिटं बघून बंद करू म्हटलं होतं.

मालिका वाईट आहे का? सुरुवातीचे भाग वाईट आहेत, त्यात काही वाद नाही. काही नट तर अक्षरशः पाठ केलेला धडा म्हणतात. बनी नावाचा एक पोक्त गृहस्थ अगदी शाळकरी वाटणारी बायको करून आणतो आणि सगळं गाव आ वासून बघतं. मीही बघितलं, पण वेगळ्या कारणाने. ती मुलगी इतकी अवघडलेली आहे की ते अवघडलेपण भूमिकेतलं की तिचं स्वतःचं, ते कळेना. ही मालिका ज्यांनी उभी केली त्या ज्युलिया स्मिथ आणि टोनी हॉलंड यांनीच आधी 'ईस्टएंडर्स' घडवली होती, म्हणजे धंदा न कळणारी माणसं नव्हती. लंडनमधल्या जुन्या वस्तीची गोष्ट त्यांना बरोबर जमली. नव्या वस्तीची जमेना.

आणि मला जे धरून ठेवतं ते नेमकं तेच. ज्या ज्या गोष्टींसाठी या मालिकेला नावं ठेवली गेली, त्या सगळ्या मला माझ्या लहानपणच्या वाशीत भेटलेल्या आहेत.

आवाजच घ्या. बीबीसीने स्टुडिओत पुठ्ठ्याच्या भिंती उभ्या केल्या नाहीत. मालागा प्रांतात कोईन गावाजवळच्या रानात त्यांनी खरं विटा-सिमेंटचं गाव बांधलं : घरं, चौक, बार, पोहण्याचा तलाव. (समुद्र तिथून बराच लांब. समुद्रकाठच्या गावाचा सेट डोंगरात! 'सी व्ह्यू' म्हणून खाडीचा चिखल दाखवणाऱ्या आमच्याकडच्या जाहिरातदारांना यात काही नवल वाटणार नाही.) पण खऱ्या भिंतींमुळे खोल्यांत आवाज घुमायचा. माणसं प्रेमाचं बोलली तरी पाण्याच्या टाकीत उभं राहून बोलल्यासारखी ऐकू यायची. समीक्षकांनी त्यावरून मालिकेची सालं काढली.

आम्ही नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या 'जेएन टाइप' इमारतीत राहायला आलो तेव्हा आमचाही आवाज असाच घुमायचा. गिरगावातल्या खोलीतून आणलेलं सामान नव्या घराच्या एका कोपऱ्यात मावलं होतं. पडदे नाहीत, गाद्या नाहीत, कपाट अजून सुताराकडे. आई स्वयंपाकघरातून हाक मारायची आणि ती हाक भिंतींना आपटत बाहेर यायची. खिडकीबाहेर रुंद रिकामे रस्ते. चाळीत वाढलेल्या माझ्या आजीला संध्याकाळी त्या रस्त्यांकडे बघवायचं नाही. "माणसं कुठायत गं?" असं ती रोज विचारायची. लॉस बार्कोसचा तो चौक बघताना तिची आठवण येते. दहा-बारा माणसं इकडून तिकडे फिरत असतात आणि चौक काही केल्या भरत नाही. दिग्दर्शकाची चूक असेलही. पण नवं गाव असंच दिसतं, ते मी बघितलंय.

दुसरा आरोप भाषेचा. मालिकेत स्पॅनिश माणसं आपसात स्पॅनिश बोलतात, फ्रेंच कुटुंब फ्रेंच, आणि खाली एक अक्षर येत नाही. ब्रिटिश प्रेक्षक वैतागले. आपल्या घरात, आपल्या वेळेला, आपल्या पैशातून हे काय लावलंय, असा तो वैताग. मला उलट ते सगळ्यात खरं वाटलं. आमच्या मजल्यावर एक मल्याळी, एक सिंधी, एक कानडी आणि आम्ही. जिन्यात कुणाचं काय चाललंय हे शब्द कळायच्या आधी सुरावरून कळायचं. शेजारच्या अम्माची आणि तिच्या जावेची मल्याळममधली भांडणं मी इतकी मन लावून ऐकली आहेत की शब्द एक न कळता बाजू मात्र जावेची घ्यायचे. अजूनही नवी मुंबई तशीच आहे. वाशी स्टेशनबाहेर केरळ हाऊस, आसाम भवन, ओडिशा भवन अशी राज्यांची घरं जवळजवळ उभी आहेत; वकिलातींची गल्लीच म्हणा ना. आणि सीवूड्सला चक्क 'एनआरआय कॉम्प्लेक्स' आहे, परदेशस्थांसाठी सिडकोने बांधलेलं. तिथे आता राहणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा परदेश म्हणजे परदेशातली मुलं.

पण एका बाबतीत मालिका मला टोचते. लॉस बार्कोसमध्ये फर्नांदेझ नावाचं एक स्पॅनिश कुटुंब आहे. गाव त्यांचं, देश त्यांचा, आणि गोष्ट मात्र इंग्रजांची. ते डॉक्टर म्हणून येतात, शेजारी म्हणून येतात, पोरींना आवडणारा मुलगा म्हणून येतात. ज्या जमिनीवर ही पांढरी घरं झाली ती आधी कुणाची होती, हे विचारायला कुणाला सवड नाही.

आम्हीही कुठे विचारलं? नवी मुंबईसाठी ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतल्या पंचाण्णव गावांच्या जमिनी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात उरणकडे पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी मेले. त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना आली. आमच्या लहानपणी 'साडेबारा टक्के' हा शब्द सारखा कानावर पडायचा आणि मला तो बँकेचा व्याजदर वाटायचा. वाशीगावातून मासळी घेऊन येणाऱ्या मावशींना आमच्या सेक्टरमधल्या प्रत्येक घरातली सून, जावई, दुखणं, भांडण ठाऊक होतं. टोपली उतरवून घेताना आईला म्हणायच्या, "इथं आमची खाजण होती बाय, तुजा सैपाकघर हाय ना, तिथंच." आई म्हणायची, हो का, आणि पापलेटचा भाव विचारायची. नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बां.चं नाव द्यायचा ठराव राज्याने केलाय. मावशींची नातसून तिथे नोकरीला लागली असेल तर मला आनंद होईल, पण मला तिचं नावही माहीत नाही. माझ्या मते 'एल्डोराडो'त बघण्याजोगी खरी गोष्ट फर्नांदेझांच्या स्वयंपाकघरात होती. कॅमेरा तिकडे फार वेळ थांबलाच नाही.

मार्कस टँडी हा मात्र झकास. लफंगा, कोट-गॉगलवाला, कुणाला कधी टोपी घालेल सांगता येत नाही. अशा माणसाला घर सुटल्याचं दुःख नसतं, म्हणून नव्या गावात तोच एकटा आरामात वावरतो.

गंमत अशी की मालिका पुढे पुढे सुधारली. निर्माती बदलली, कॉरीन हॉलिंगवर्थ आल्या, कच्ची पात्रं गाळली, माणसं माणसांसारखी बोलायला लागली. प्रेक्षकही परतायला लागले होते. तोवर बीबीसी वनवर नवे प्रमुख आले, ॲलन येंटॉब, आणि त्यांनी मालिका बंद करायचं ठरवलं. जेमतेम वर्ष मिळालं. एवढ्यात गाव कसं वसेल? मी तारखा लावून बघितल्या. मानखुर्दहून खाडी ओलांडून वाशीला पहिली लोकल आली मे १९९२ मध्ये, म्हणजे मालिका सुरू व्हायच्या दोन महिने आधी. बेलापूरला गाडी पोचली जून १९९३ मध्ये, मालिका संपायच्या तोंडावर. म्हणजे तिकडे गाव गुंडाळलं जात होतं तेव्हा इकडे आमचं कुठे सुरू होत होतं, आणि तेही सिडको स्थापन होऊन वीस वर्षं उलटल्यावर. तोवर बाबा खाडीपुलावरून बसने लटकत जायचे, आणि मुंबईचे नातेवाईक "तिकडे तुमच्याकडे" असं म्हणायचे, जणू व्हिसा लागतो. लोकल आली तसे तेच नातेवाईक रविवारी जेवायला यायला लागले आणि जाताना फ्लॅटचे भाव विचारायला लागले.

शेवटच्या भागात मार्कसच्या गाडीत बॉम्ब उडतो, तो वाचतो आणि प्रेयसी पिलारला घेऊन बोटीतून पसार होतो. ब्रिटिश प्रेक्षकांना हा शेवट आवडला म्हणे. मी सोसायटीच्या कमिटीत आहे, त्यामुळे मला वेगळेच प्रश्न पडले. जळलेली गाडी कुणी उचलली? त्याच्या घराचा मेंटेनन्स पुढे कुणी भरला? आमच्या इमारतीत एक जण असाच एका रात्रीत कॅनडाला गेला. फ्लॅट बंद, फोन बंद, आणि त्याच्या बाल्कनीतून खालच्या मजल्यावर पाणी झिरपतं. नोटीस बोर्डावर थकबाकीदारांत पहिलं नाव त्याचं असतं. रविवारच्या मीटिंगला विषय क्रमांक तीन तोच आहे.